गावदप्तराच्या आधारे जावाचा एक पाठ : वर्गांची नाती आणि वस्तूपर्यंतची वाट

गावपातळीवरील शासकीय कामकाजात संगणकाने आता कायमचे स्थान मिळविले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना उपलब्ध होऊ लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. फेरफाराची नोंद, वारसाची नोंद, घरपट्टीची आकारणी, लाभार्थींची यादी ही सारी कामे या ना त्या संगणक प्रणालीतून होत असतात. अशा प्रणालीची आज्ञावली तंत्रज्ञ लिहितात, हे खरे. परंतु कोणती नोंद कोणाची, कोणता कागद कोणत्या कागदावर अवलंबून, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचावयाचे, याचे ज्ञान तंत्रज्ञापाशी नसून महसूल कर्मचारी, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी व शिक्षक यांच्यापाशी असते. हे ज्ञान आज्ञावलीत जसेच्या तसे उतरले नाही, तर चुकीची नोंद नागरिकाच्या नावावर बसते आणि ती दुरुस्त करण्यासाठी त्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

या दृष्टीने जावा या संगणकभाषेतील दोन मूलभूत कल्पनांचा परिचय येथे करून दिला आहे. पहिली, वर्गांचे परस्परनाते. दुसरी, एकात एक गुंफलेल्या वस्तूंमधून हव्या त्या माहितीपर्यंत जाण्याची रीत. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविका अभ्यासक्रमातही तिचा समावेश आहे. उदाहरणासाठी रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव आणि त्याचे गावदप्तर घेतले आहे. शासनाची प्रत्यक्ष प्रणाली कोणत्या भाषेत लिहिली आहे हा येथे प्रश्न नाही. दप्तराची रचना हाच आपला नमुना होय.

वर्ग आणि वस्तू

तलाठी कार्यालयातील छापील, कोरा गाव नमुना सात डोळ्यांसमोर आणावा. त्यावर गाव, तालुका, भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव असे रकाने असतात. तो कोणत्याही एका जमिनीचा नसतो. जमिनीविषयी कोणती माहिती ठेवावयाची एवढेच तो सांगतो. जावात यालाच क्लास म्हणजे वर्ग म्हणतात. तोच नमुना एखाद्या जमिनीसाठी भरला की एक प्रत्यक्ष उतारा तयार होतो. जावात त्याला ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू म्हणतात. वर्ग एकच, वस्तू हजारो.

जावाचे मूळ शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. तथापि वर्गांना व रकान्यांना देवनागरी नावे देण्यास ही भाषा मुभा देते, कारण तिने प्रारंभापासून युनिकोड ही जागतिक लिपिसंहिता स्वीकारली आहे. म्हणून गाव, भूखंड, धारक ही नावे जावाच्या आज्ञावलीतही चालू शकतात. पुढील उदाहरणांत तीच वापरली आहेत.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. महसुलाचा गाव नमुना आठ-अ म्हणजे खातेदाराच्या जमिनींची नोंदवही, तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. क्रमांक जवळजवळ एकच, वस्तू मात्र भिन्न. असे गोंधळ टाळण्यासाठी जावात वर्गांचे गट्ठे बांधतात व त्यांना पॅकेज म्हणतात. ‘महसूल’ या पॅकेजमधील आठ-अ आणि ‘ग्रामपंचायत’ या पॅकेजमधील आठ मग एकमेकांत मिसळत नाहीत. दोन खात्यांचे रुमाल दोन निराळ्या कपाटांत ठेवण्यासारखेच हे आहे.

‘प्रकार आहे’ आणि ‘जवळ आहे’

वर्गांची नाती मुख्यतः दोन वाक्यांत सामावतात. ‘अमुक हा तमुकाचा एक प्रकार आहे’ हे पहिले, आणि ‘अमुकाजवळ तमुक आहे’ हे दुसरे. जमिनीचा धारक एखादी व्यक्ती असते किंवा एखादी संस्था असते. व्यक्ती-धारक हा धारकाचा एक प्रकार, संस्था-धारक हा दुसरा प्रकार. नाव, पत्ता आणि खाते क्रमांक दोघांनाही असतात, म्हणून ते ‘धारक’ या मूळ वर्गात एकदाच लिहावयाचे. जन्मतारीख व्यक्तीपुरती आणि नोंदणी क्रमांक संस्थेपुरता राहतो. या नात्यास जावात एक्स्टेंड्स हा शब्द योजतात व मराठी पुस्तकांतून त्यास ‘वारसा’ म्हणतात.

गावदप्तर जाणणाऱ्या वाचकाने या शब्दाने फसू नये. जमिनीच्या बाबतीत वारस मूळ धारकाच्या जागी येतो. त्याला मिळकत मिळते. जावातील वारशात कोणी कोणाच्या जागी येत नाही आणि एका वस्तूची मिळकत दुसरीकडे जात नाही. मूळ वर्गाचे रकाने व कार्यपद्धती उपवर्गाला मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. पिता धारक आणि पुत्र वारस यांचे नाते जावात एक्स्टेंड्सने दाखविणे ही म्हणूनच मोठी चूक ठरेल. ते दोघेही व्यक्ती या एकाच वर्गाच्या दोन स्वतंत्र वस्तू आहेत.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. शेतजमीन व बिनशेती जमीन हे भूखंडाचे दोन उपवर्ग करावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जावात वस्तू ज्या वर्गाची म्हणून जन्मास येते त्याच वर्गाची ती अखेरपर्यंत राहते. लोधिवलीसारखे गाव मुंबई-पुणे जुन्या महामार्गालगत, पाताळगंगा औद्योगिक क्षेत्राच्या परिसरात वसलेले आहे. अशा ठिकाणी आजची शेतजमीन उद्या बिनशेती होऊ शकते. उपवर्ग केले असतील तर जुनी वस्तू मोडून नवी करावी लागेल आणि जुन्या वस्तूकडे बोट दाखविणारी प्रत्येक नोंद बदलावी लागेल. त्यापेक्षा भूखंडाजवळ ‘वापर’ असा एक रकाना ठेवणे शहाणपणाचे. जे कालांतराने बदलू शकते त्यासाठी ‘जवळ आहे’ हे नाते योजावे. जे बदलणार नाही त्यासाठीच ‘प्रकार आहे’ म्हणावे.

निर्देश आणि नक्कल

‘भूखंडाजवळ गाव आहे’ याचा अर्थ भूखंडाच्या पोटात सबंध गाव कोंबलेले असते, असा नव्हे. भूखंडाच्या वस्तूत गावाच्या वस्तूचा केवळ निर्देश असतो. गावात तालुक्याचा, तालुक्यात जिल्ह्याचा निर्देश असतो. ‘एकात एक वस्तू’ असे ज्याला म्हणतात, ती प्रत्यक्षात निर्देशांची साखळी असते. एका वर्गाच्या मजकुराच्या आतच दुसरा वर्ग लिहिण्याची सोयही जावात आहे. परंतु ती वर्ग कोठे लिहावा याची व्यवस्था होय. वस्तूंची साखळी ही बाब त्याहून वेगळी, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे.

निर्देशाचे महत्त्व रायगड जिल्ह्याच्या इतिहासातच दिसते. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नामांतर रायगड असे झाले. समजा, प्रत्येक भूखंडाच्या नोंदीत जिल्ह्याचे नाव अक्षरशः उतरवून ठेवले असते, तर ते प्रत्येक नोंदीत बदलावे लागले असते, आणि कोठेतरी जुने नाव शिल्लक राहून एकच जिल्हा दोन नावांनी वावरू लागला असता. याउलट जिल्ह्याची एकच वस्तू असून बाकी साऱ्यांजवळ तिचा निर्देश असेल, तर नाव एका ठिकाणी बदलले की सर्वत्र बदलते. नक्कल शिळी होते. निर्देश नेहमी मूळ वस्तूच दाखवितो.

मात्र जेथे त्या वेळची स्थिती जशीच्या तशी जपावयाची असते, तेथे नक्कलच हवी. १९७५ च्या फेरफारावर कुलाबा हेच नाव राहिले पाहिजे, कारण तो त्या दिवसाचा पुरावा आहे.

वर जाणारी वाट आणि खाली येणारी वाट

लोधिवलीतील एखाद्या भूखंडाचा जिल्हा जाणून घ्यावयाचा असल्यास जावात पुढीलप्रमाणे वाट लिहितात :

भूखंड.गाव.तालुका.जिल्हा.नाव

टिंब म्हणजे ‘च्या जवळील’ असे वाचावे. संगणक डावीकडून निघतो. भूखंडाजवळील गाव घेतो, गावाजवळील तालुका, तालुक्याजवळील जिल्हा, आणि शेवटी नाव. ‘रायगड’ हे उत्तर मिळते. वर जाणारी ही वाट सरळ असते, कारण भूखंडाला एकच गाव व गावाला एकच तालुका असतो.

खाली येताना तसे नाही. तालुक्याजवळ अनेक गावे आणि गावाजवळ अनेक भूखंड. म्हणून तेथे एका निर्देशाऐवजी निर्देशांची यादी ठेवावी लागते, व तीतून हवी ती वस्तू निवडण्यासाठी नाव किंवा क्रमांक सांगावा लागतो. गावाच्या नावावर विसंबणे मात्र धोक्याचे. एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात. म्हणूनच गावांना स्वतंत्र सांकेतांक दिलेले आहेत, आणि यादीतून वस्तू शोधताना नावापेक्षा सांकेतांकाचा आधार घेणे केव्हाही श्रेयस्कर.

शिवाय एकाच गावापासून वर जाणाऱ्या वाटा अनेक असतात. महसुली वाटेने लोधिवली खालापूर तालुक्यातून रायगड जिल्ह्यात व तेथून कोकण विभागात पोहोचते. लोकसभेच्या वाटेने तेच गाव मावळ मतदारसंघात जाते, आणि मावळ हे नाव तर पुणे जिल्ह्यातील तालुक्याचे. म्हणजे लोकसभा मतदारसंघावरून जिल्हा काढू पाहणारी आज्ञावली लोधिवलीच्या बाबतीत चुकणार, हे उघड आहे. महसुली गाव व ग्रामपंचायत यांचेही तसेच. गट ग्रामपंचायतीत अनेक महसुली गावे येतात. प्रत्येक वाट स्वतंत्र रकान्याने दाखवावी. एका वाटेवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

सात आणि आठ-अ : एकाच नात्याची दोन टोके

गावदप्तरातील सर्वांत बोधप्रद नाते भूखंड व धारक यांचे आहे. एका भूखंडात अनेक धारक असतात आणि एका धारकाचे अनेक भूखंड असतात. अशा वेळी ‘हिस्सा’ कोठे लिहावयाचा? वीस गुंठे हा आकडा एकट्या भूखंडाचा नाही आणि एकट्या धारकाचाही नाही. तो त्या दोहोंच्या नात्याचा आहे. म्हणून नात्यालाच एक वर्ग मानावे लागते. त्यास ‘धारणा’ म्हणू. धारणेजवळ एका भूखंडाचा निर्देश, एका धारकाचा निर्देश, क्षेत्र, आकार आणि ज्या फेरफाराने ती अस्तित्वात आली त्याचा निर्देश राहील.

आता गाव नमुना सात व आठ-अ यांकडे पुन्हा पाहावे. भूखंड हाती धरून त्याच्या सर्व धारणा वाचल्या की नमुना सात तयार होतो. धारक हाती धरून त्याच्या त्या गावातील सर्व धारणा वाचल्या की आठ-अ तयार होतो. नोंद एकच, वाचण्याच्या दिशा दोन. हस्तलिखित दप्तरात या दोन वह्या हाताने स्वतंत्रपणे लिहिल्या जात, त्यामुळे त्यांत तफावत पडण्याचा संभव असे. संगणकातही सात व आठ-अ स्वतंत्रपणे साठविले तर तीच तफावत वेगाने वाढेल. धारणा एकदाच साठवून दोन्ही उतारे तिच्यापासून काढले तर तफावतीला वावच राहत नाही. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन करावे लागले, यावरून मूळ नोंदीच्या अचूकतेचे मोल ध्यानात येते.

निरंक आणि कोरे

वाटेतील प्रत्येक टिंबापाशी एक प्रश्न दडलेला असतो : पुढची वस्तू तेथे आहे काय? जावात ज्या निर्देशापुढे वस्तूच नाही त्यास नल म्हणतात. नलच्या पुढे पाऊल टाकले की आज्ञावली थांबते व नल पॉइंटर एक्सेप्शन हा दोष दाखविते. नल निर्देशाची कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणली. पुढे २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिला अब्ज डॉलरची चूक म्हटले.

आपल्या कचेऱ्यांत या प्रश्नाचे उत्तर पूर्वापार चालत आलेले आहे. विवरणपत्रात माहिती द्यावयाची नसेल तर तेथे ‘निरंक’ असे लिहिले जाते. निरंक म्हणजे पाहिले आणि काही आढळले नाही. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. इतर हक्काच्या रकान्यात निरंक असलेली जमीन बोजारहित समजता येईल. रकाना कोराच असेल तर तसे समजणे घातक. जावात रिकामी यादी म्हणजे निरंक, आणि नल म्हणजे कोरे. २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत ऑप्शनल नावाचा वर्ग दिला गेला. उत्तर नसण्याचा संभव आहे हे तो आधीच जाहीर करतो, त्यामुळे पुढे जाणाऱ्यास त्याची दखल घेणे भाग पडते. २०२० च्या चौदाव्या आवृत्तीपासून साखळीतील नेमका कोणता दुवा नल होता हे सांगण्याची सोयही झाली.

मृत खातेदाराच्या वारसांची नोंद प्रलंबित असेल तर धारकाची वाट कोठेतरी तुटणारच. तेथे संगणकाने ‘धारक नाही’ असे म्हणणे चुकीचे होय. ‘नोंद प्रलंबित’ असे त्याने म्हटले पाहिजे. हा फरक आज्ञावलीत आला नाही, तर अनुदानाच्या यादीतून एक कुटुंब निमूटपणे गळते.

अंगभूत भाग आणि सोबती

‘जवळ आहे’ या नात्यातही दोन छटा आहेत. कर आकारणीच्या नोंदवहीतील घर आणि त्याच्या खोल्या घ्या. घर पाडले की खोल्या उरत नाहीत. त्या घराचे अंगभूत भाग आहेत. घर आणि त्यात राहणारी माणसे यांचे नाते तसे नाही. माणसे घराशी जोडलेली असतात, पण त्यांचे अस्तित्व घरावर अवलंबून नसते. संगणकशास्त्रात पहिल्या नात्यास कंपोझिशन व दुसऱ्यास असोसिएशन म्हणतात. जावाच्या मजकुरात मात्र दोन्ही एकसारखीच दिसतात, कारण दोन्ही ठिकाणी केवळ एक रकाना असतो. फरक लिहिणाऱ्याने मनात पक्का ठेवावयाचा असतो आणि नोंद रद्द करण्याच्या नियमांत तो उतरवावयाचा असतो. घराची नोंद रद्द होताच त्यातील माणसांच्या नोंदीही आपोआप पुसल्या जाणार असतील, तर ती रचना दोषपूर्ण समजावी.

हा फरक किती जीवनमरणाचा असतो याचे स्मरण खालापूर तालुक्याला करून द्यावे लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौक परिसरातील, इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीची लोकसंख्या २२८ होती. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. घरे मातीखाली गेली होती. पण प्रशासनापुढे पहिला प्रश्न माणसांचा होता. त्या रात्री कोण घरी होते, कोण बाहेरगावी होते, कोणती मुले आश्रमशाळेत होती? अशा वेळी उपयोगी पडते ती प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद. तिच्याजवळ घराचा निर्देश हवा, कुटुंबाचा हवा, शाळेचाही हवा. घर नाहीसे झाले तरी शाळेच्या वाटेने त्या मुलापर्यंत पोहोचता आले पाहिजे. ज्या व्यक्तीकडे जाण्याची वाट केवळ घरातून जाते, तिची नोंद घराबरोबरच हरवते.

वाडी, पाडा, वस्ती यांना बहुधा स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नसतो, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकर आणि कातकरी समाजाच्या अशा वाड्या पुष्कळ आहेत. गाव आणि भूखंड यांच्यामधून थेट जाणाऱ्या वाटेवर वाडी लागतच नाही. आणि ज्या कुटुंबाच्या नावे जमीन नाही ते धारकांच्या यादीतही सापडत नाही. म्हणून ‘वस्ती’ हा स्वतंत्र वर्ग मानून त्याचे गावाशी व व्यक्तींशी नाते जोडणे, हे तांत्रिक सोयीपेक्षा न्यायाचे काम ठरते.

दूरच्या वस्तूत हात घालू नये

लांब साखळी लिहिता येते म्हणून ती सर्वत्र लिहावी असे नाही. जिल्हाधिकाऱ्यांना माहिती हवी असल्यास ते तहसीलदारांकडे मागतात, तहसीलदार मंडळ अधिकाऱ्यांकडे आणि ते तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. प्रत्येकास आपल्या लगतच्या पायरीची ओळख असली की पुरते. गावदप्तराची मांडणी बदलली तरी वरच्या कार्यालयाचे काम अडत नाही. जावातही प्रत्येक वस्तूने लगतच्या वस्तूशीच बोलावे, हा संकेत १९८७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मांडला गेला. भूखंडाच्या पोटातून धारक, धारकाच्या पोटातून पत्ता असे खोदत जाण्याऐवजी भूखंडालाच ‘नोटीस कोणत्या पत्त्यांवर पाठवावी?’ असे विचारावे, हे या संकेताचे मर्म.

माहिती वाचण्यापेक्षा बदलण्याच्या बाबतीत हा नियम अधिक कडक असावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार हक्कातील बदल प्रथम फेरफार नोंदवहीत लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, हरकती ऐकल्या जातात आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच तो अधिकार अभिलेखात येतो. सातबाऱ्यावरील नाव कोणालाही थेट खोडता येत नाही. जावात रकाना प्रायव्हेट म्हणजे खाजगी ठेवून त्यातील बदल केवळ ठराविक कार्यपद्धतीतून होऊ देणे, म्हणजे हाच कायदा आज्ञावलीच्या भाषेत लिहिणे होय. त्याच अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणूनच चुकीच्या वाटेने झालेला बदलही खराच गृहीत धरला जाण्याचा धोका असतो.

प्रणाली स्वीकारताना विचारावयाचे प्रश्न

नवी प्रणाली दाखविली जाईल तेव्हा अधिकारी व पंचायत सदस्य यांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. ‘प्रकार आहे’ असे जेथे म्हटले आहे, ते नाते पुढे बदलण्याचा संभव आहे काय?

२. एकच माहिती दोन ठिकाणी साठविली आहे काय? असल्यास ती नक्कल पुराव्यासाठी आहे की निष्काळजीपणामुळे?

३. निरंक आणि कोरे यांत भेद केला आहे काय?

४. एक नोंद रद्द केल्यास तिच्यासोबत आणखी कोणत्या नोंदी नाहीशा होतात?

५. जमीन नसलेल्या, वाडीवर राहणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची वाट आहे काय?

६. प्रमाणित फेरफाराखेरीज हक्काच्या नोंदीत बदल करता येतो काय?

यांपैकी एकाही प्रश्नासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. गावदप्तराची जाण पुरेशी आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्याच गावाचे वर्ग, त्यांचे रकाने आणि नाती कागदावर आखून घ्यावीत, आणि मग एखाद्या भूखंडापासून जिल्ह्यापर्यंतची व एखाद्या वाडीपासून तेथील प्रत्येक मुलापर्यंतची वाट बोटाने दाखवावयास सांगावे. जेथे बोट अडेल तेथे रचनेत उणीव आहे असे समजावे. ती कागदावर असतानाच दुरुस्त करणे सर्वांत स्वस्त पडते.